बीजिंगचा 'जुना राजवाडा': दोनदा गेलो, तेव्हा कुठे दिसला

गोदाकाठ

मागच्या नोव्हेंबरात आईला घेऊन बीजिंगला जाऊन आले. रीतसर प्रवासवर्णन लिहायचं मनात होतं, पण लिहायला बसलं की विमानतळापासून सुरुवात होते आणि राजवाड्यापर्यंत पोचेस्तोवर माझाच दम संपतो. म्हणून थेट राजवाड्याचाच धागा काढतेय.

राजवाडा म्हणजे तोच, ज्याला आपण 'निषिद्ध नगरी' वगैरे म्हणतो. तिथले लोक त्याला 'गुगोंग' म्हणतात. आमची गाईड हिंदी छान बोलायची. ती म्हणाली, गु म्हणजे पूर्वीचा, जुना आणि गोंग म्हणजे राजवाडा. आई लगेच, "म्हणजे आमच्या कोल्हापूरसारखा जुना राजवाडाच की!" (आईचं माहेर कोल्हापूर.) झालं, पुढची सगळी ट्रिप आमच्यात त्याचं नाव जुना राजवाडाच राहिलं.

पहिल्यांदा गेलो ते ग्रुपबरोबर. कंपनीचं नाव लिहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेत 'भव्य राजवाडा दर्शन' होतं आणि प्रत्यक्षात मिळाला दीड तास. ७२ हेक्टरला दीड तास! पुढे झेंडा घेतलेली गाईड, मागे आम्ही अठ्ठावीस जण. दक्षिणेच्या दारातून आत, अंगण, पायऱ्या, दालन, पायऱ्या, पुन्हा अंगण, पुन्हा दालन. चौथ्या दालनाशी आई म्हणाली, "मघाचंच परत दाखवतायत का गं?" मुख्य दालनात जाता येत नाही, दारातूनच सिंहासन बघायचं. त्या दाराशी अशी झुंबड की मला समोरच्या माणसाच्या मोबाईलच्या पडद्यावर सिंहासन दिसलं. आईला तेवढंही नाही. उत्तरेच्या दारातून बाहेर पडलो, बसमध्ये बसलो आणि रेशमाच्या दुकानात दोन तास. हो, दोन तास.

रात्री हॉटेलात आई पाय शेकत बसली होती. म्हणाली, "एवढं मोठं अंगण, पण कुठे तुळस नाही, झाड नाही. राहायचे कसे हे लोक?" तेव्हा वाटलं की हिला काहीच दिसलेलं नाही आणि मलाही. चौथा दिवस 'खरेदीसाठी मोकळा' होता. त्या दिवशीची तिकिटं संपलेली दाखवत होती, पण लोक रद्द करतात ती परत येतात म्हणे. सकाळ-संध्याकाळ बघत राहिले आणि खरंच दोन मिळाली. ४० युआनचं तिकीट, म्हणजे आपले साधारण ५०० रुपये, वर दहा युआन खजिन्याच्या दालनांचे.

दुसऱ्या वेळी एकच ठरवलं होतं, मधल्या रेषेवर चालायचं नाही. आत शिरल्यावर लोकांचा लोंढा सरळ उत्तरेला जातो, तुम्ही काहीही न करता आपोआप खेचले जाता. आम्ही उजवीकडे वळलो. शंभर पावलांवर गर्दी संपली. लाल भिंती, पिवळी कौलं, मध्ये अरुंद बोळ आणि झाडू मारणारी एक बाई. आणि झाडं! बाहेरच्या मोठ्या चौकांमध्ये नाहीत, पण आत वळलं की जुनी सुरूसारखी वाकडीतिकडी झाडं दिसायला लागतात. आईचा जीव भांड्यात पडला.

मग एक एक दिसायला लागलं. उंबरे. गुडघ्याला भिडतील इतके उंच लाकडी उंबरे. मुख्य वाटेवर त्यांच्यावर लाकडी उतार टाकलेत, बाजूला नाहीत. आई प्रत्येक ठिकाणी माझा खांदा धरून, आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय, मग दुसरा. गाईडने आदल्या वेळी सांगितलं होतं की उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, वाईट असतं. आईला हे फार आवडलं. "बघ, इथेही कळतं लोकांना." मग मी तिला सांगितलं की शेवटचा सम्राट पुयी, त्याला पोरवयात सायकलचा नाद लागला, तेव्हा त्याने आतले उंबरे करवतीने कापून टाकले होते. आई म्हणाली, "गेलंच मग राज्य." (राज्य आधीच गेलं होतं. १९१२ ला गादी सोडली, पण १९२४ पर्यंत आतल्या भागात राहू दिलं होतं. आईला तारखा सांगून उपयोग नव्हता.)

खजिन्याच्या भागात नऊ ड्रॅगनची भिंत आहे. जवळजवळ ३० मीटर लांब, रंगीत चकाकणाऱ्या फरशांची, १७७२ च्या सुमाराची. सगळे समोर उभे राहून फोटो काढतात आणि जातात. आमच्या शेजारी एक आजोबा नातवाला बोट दाखवून काहीतरी शोधून दाखवत होते. आम्हीही बघितलं. डावीकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन. त्याच्या पोटाखालचा एक तुकडा बाकीच्यांसारखा चमकत नाही. रंग उडालाय आणि आतून चक्क लाकडाचे दोरे दिसतात! म्हणजे एक फरशी लाकडाची आहे. गोष्ट अशी सांगतात की बसवताना फरशी फुटली, नवीन भाजायला वेळ नाही, सम्राट बघायला येणार आणि चूक सापडली तर मुंडकं जाणार. तेव्हा एका सुताराने रातोरात लाकडाचा तुकडा कोरून, पांढरा रंगवून बसवला. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, तुकडा मात्र खरा आहे. आई त्या भिंतीसमोर वीस मिनिटं बसली. माझे आजोबा सुतार होते, म्हणून असेल.

त्याच्याच मागे उत्तरेला एक विहीर आहे. १९०० साली परदेशी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, राजमाता त्सिशी पळून जायच्या तयारीत, आणि सम्राट ग्वांगशूची लाडकी राणी झेन, तिला या विहिरीत टाकलं. तोंड इतकं लहान की प्रत्येक जण वाकून बघतो आणि 'कसं शक्य आहे' म्हणतो. आई वाकली नाही. हात जोडले आणि पुढे गेली.

असो. चार तास होतो, अर्धंही झालं नाही. कोणी गेलं असेल तर भर घाला, जाणार असाल तर विचारा.

कडक_चहा

मस्त! 'दीड तास राजवाडा, दोन तास रेशीम' हे वाचून आमची ट्रिप आठवली. फक्त आमच्याकडे रेशमाऐवजी जेड होतं.

एक गृहिणीछाप प्रश्न: शाकाहारी माणसाने आत काय खायचं?

गोदाकाठ

आम्ही मेथीचे ठेपले आणि लाडू नेले होते, जाळीच्या बाकावर बसून खाल्ले, कोणी काही म्हणालं नाही. फक्त सुरक्षा तपासणीत आईच्या पिशवीतली काडेपेटी काढून घेतली. देवापुढे निरांजन लावायला म्हणून तिने नाशिकहून आणलेली. लायटर, काडेपेटी काही आत नेता येत नाही. लाकडाचा राजवाडा आहे, बरोबरच आहे त्यांचं.

शांघायकर

अकरा वर्षं चीनमध्ये आहे, पाहुण्यांना घेऊन गुगोंगला किती वेळा गेलो ते मोजणं सोडलंय. खाण्याचं आधी सांगतो. आत पश्चिम बाजूला जुनी बर्फाची तळघरं आहेत, हिवाळ्यात खंदकातला बर्फ कापून उन्हाळ्यासाठी साठवायचे ती. तिथे आता खानावळ आहे. बसायला छान, पण शाकाहारी लोकांनी फार आशा ठेवू नये. 'वो छ सू' एवढं पाठ करा, म्हणजे मी शाकाहारी. तरी रश्श्यात काय असेल याची हमी नाही. बाहेर कुठल्याही साध्या हॉटेलात 'ती सान श्येन' मागा: वांगं, बटाटा, ढोबळी मिरची, लसणात परतलेलं. भाताबरोबर आपल्या माणसाला हमखास चालतं.

आता तिकिटांचं, कारण याच्यावरच लोक आपटतात:

दारावर तिकीट मिळत नाही. सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री ८ ला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला त्या दिवसाची तिकिटं उघडतात. सुट्टीच्या हंगामात मिनिटांत संपतात. पासपोर्ट नंबर टाकून बुकिंग, आणि तोच मूळ पासपोर्ट दारावर दाखवायचा. झेरॉक्स, मोबाईलमधला फोटो चालत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सोमवारी बंद. हे सोमवारचं मी ठळक करून सांगतोय, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याने सोमवारच धरला होता.

आणि तिआनानमेन चौकात पाय ठेवायचा तर त्याचं बुकिंग वेगळं असतं. ते फुकट आहे, पण करावं लागतं. नुसता राजवाडा बघायचा तर चौक टाळून पूर्वेकडच्या डोंगहुआमेनच्या बाजूने खंदकाच्या कडेकडेने दक्षिणेच्या वूमेन दाराशी जा. सकाळी ती वाट सुंदर असते.

तिखट_गोड

अगदी वेळेवर धागा. एप्रिलमध्ये जातोय, दोन मुलं, वय ९ आणि ६. एप्रिलचा पहिला आठवडा कसा? आणि मुलं कंटाळतील का?

शांघायकर

पहिला आठवडा नको! ४-५-६ एप्रिलच्या आसपास छिंगमिंग असतो, त्यांचा पितरांचा सण, सुट्टी असते. १ मे चा आठवडा आणि १ ऑक्टोबरचा आठवडा तर मुळीच नको. एप्रिलचा तिसरा आठवडा, मंगळ ते गुरू, उत्तम.

मुलं मधल्या रेषेवर नक्की कंटाळतील. मोठीसुद्धा कंटाळतात. घड्याळांचं दालन दाखवा, दहा युआन जादा. सम्राटांना युरोपातून आलेली यांत्रिक घड्याळं आहेत. त्यातल्या एकात लंडनच्या विल्यमसनने केलेला बाहुला आहे, तो हातात कुंचला धरून आठ चिनी अक्षरं लिहितो. रोज चालवून दाखवत नाहीत, पण त्याचा व्हिडिओ तिथे लावलेला असतो.

शिवाय मांजरं. राजवाड्यात दोनशेच्या आसपास मांजरं आहेत, उंदरांपासून लाकूड आणि कागद वाचवायला. मुलांना तेवढंच लक्षात राहील. माझ्या मुलीला राहिलंय.

मोडीवाचक

धागा आवडला. थोडी पंडिती भर, रागवू नये.

१. मूळ नाव 'त्झचिनचंग'. यातला 'त्झ' म्हणजे जांभळा, पण इथे तो रंग नाही. आकाशात ध्रुवाभोवतालचा जो तारकांचा भाग, त्याचं चिनी नाव त्यावरून आहे. सगळं आकाश ज्याच्याभोवती फिरतं तो तारा वर, आणि सगळी पृथ्वी ज्याच्याभोवती फिरते तो सम्राट खाली. म्हणून राजवाडा शहराच्या मधोमध आणि सम्राट नेहमी दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. 'निषिद्ध' हा फक्त 'चिन'चा अर्थ. ध्रुवाचा भाग आपण भाषांतरात सांडून टाकला.

२. आतल्या भागातल्या दालनांच्या पाट्या नीट बघा. चिनी अक्षरांशेजारी उभी, खाली उतरत जाणारी एक वेगळीच लिपी दिसेल. ती मांचू. १६४४ पासून १९१२ पर्यंत राज्य केलं ते मांचूंनी. आज ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारे जवळपास संपलेत, पण दप्तरं भरून कागद पडून आहेत. आपल्या मोडीचं आठवून पोटात कालवलं. निदान मोडी मराठीच तरी आहे.

३. ताईहे दालन, म्हणजे जिथे गोदाकाठ यांना दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये सिंहासन दिसलं ते. राजवाडा १४०६ ते १४२० मध्ये मिंग घराण्यातल्या युंगल सम्राटाने बांधला, पण आजचं दालन तेव्हाचं नाही. १४२१ मध्येच वीज पडून मुख्य दालनं जळाली. पुढेही जळत राहिली. आज उभं आहे ते १६९५ ला हाती घेतलेलं बांधकाम. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते.

पेंगुळलेला

मोडीवाचक, १ आणि २ मान्य. ३ वाचून शनिवारवाडा आठवला. १८२८ ला लागलेली आग आठवडाभर धुमसत होती म्हणतात. नंतर उरलं काय तर जोतं आणि दरवाजा. लाकडी वाड्यांचं हे असंच. फरक एवढाच की त्यांनी दर वेळी परत बांधला.

मोडीवाचक

परत बांधला आणि आगीची धास्तीही कायम ठेवली. दालनांबाहेरचे मोठाले तांब्या-पितळेचे हंडे बघितले असतील. लोक त्यांना शोभेच्या वस्तू समजतात. ते आगीचं पाणी. थंडीत गोठू नये म्हणून हंड्याखाली कोळसे पेटवायचे. आणि राजवाड्याच्या ग्रंथालयावरची कौलं पिवळी नाहीत, काळी आहेत. काळा हा पाण्याचा रंग, पुस्तकांना आगीपासून राखणारा. सगळीकडे पिवळं, मध्येच एक काळं छप्पर.

गोदाकाठ

हंड्यांवर ओरखडे आहेत ते कसले? एका सोन्याचा मुलामा दिलेल्या हंड्यावर बारीक बारीक समांतर रेघा, कोणीतरी तासणीने खरवडल्यासारख्या. आई म्हणाली, "कल्हई काढलीय."

रणगाडा

काकूंचं बरोबर आहे, कल्हईच काढली, सोन्याची. १९०० साली आठ देशांच्या फौजा शिरल्या तेव्हा सैनिकांनी संगिनींनी मुलामा खरवडला असं तिथे सांगतात.

आणि यात आपणही होतो हे लक्षात ठेवा. ब्रिटिशांची म्हणून जी फौज गेली तिच्यात मोठा भरणा हिंदी पलटणींचा होता: ७ वी राजपूत, १ ली शीख, २४ वी पंजाब, बंगाल लान्सर्स. १४ ऑगस्टला वेढ्यातल्या वकिलाती सोडवायला पोचलेल्यांत राजपूत पलटण पुढे होती. २८ ऑगस्टला विजयी फौजांनी राजवाड्यातून दक्षिण ते उत्तर संचलन केलं. म्हणजे गोदाकाठ यांनी पहिल्या दिवशी झेंड्यामागे जे केलं तेच, फक्त बूट घालून. खरवडणारे हात कोणाचे होते ते हंडा सांगत नाही.

आजी_ऑनलाईन

रणगाडा, शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले.

गोदाकाठ, तुझ्या आईला नमस्कार सांग. गुडघ्याचं विचारायचं होतं. माझे दोन्ही झालेत. चालणं किती होतं?

गोदाकाठ

आजी, खरं सांगते. दक्षिण-उत्तर ९६१ मीटर आहे, म्हणजे सरळ किलोमीटरही नाही. पण मेट्रोपासून दारापर्यंत किलोमीटर, रांग वेगळी, आत इकडेतिकडे वळलं की बघता बघता सहा-सात किलोमीटर होतात. दक्षिणेच्या वूमेनमधून आत आणि उत्तरेच्या शेनवूमेनमधून किंवा पूर्वेच्या दारातून बाहेर. उलटं चालत नाही, बाहेर पडलं की परत आत नाही. तीन मोठ्या दालनांच्या संगमरवरी चौथऱ्याच्या पायऱ्या टाळता येतात, बाजूने सपाट वाट आहे. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं. फरशी मात्र सगळीकडे खडबडीत, झिजलेली. स्पोर्ट शूजच घाला, सँडल नको.

यंत्रकार

कोणीच त्या दगडाबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलतो. बाओहे दालनाच्या मागच्या बाजूला, पायऱ्यांच्या मधोमध उतरता दगड आहे, ड्रॅगन आणि ढग कोरलेला. १६.५७ मीटर लांब, ३.०७ रुंद, १.७ जाड. वजन २०० टनांच्या वर. लोक पुढच्या बाजूने दालन बघतात आणि पुढे निघून जातात, मागे वळून खाली बघत नाहीत.

हा दगड फांगशानच्या खाणीतून, साधारण ७० किलोमीटरवरून आला. चाकांच्या गाड्यांवर एवढं वजन घालणं जोखमीचं, म्हणून भर हिवाळ्यात. वाटेवर ठरावीक अंतराने विहिरी खोदल्या, पाणी ओतून रस्त्याचा बर्फ केला आणि लाकडी घसरगाडीवरून ओढला. २०१३ मध्ये यावर एक शोधनिबंध आला. त्यात १५५७ च्या नोंदीचा हिशेब आहे: १२३ टनांचा दुसरा एक दगड, २८ दिवस. गंमत अशी की नुसत्या कोरड्या बर्फावरून ओढायला माणसं खूप लागली असती. घसरगाडीपुढे पाणी ओतत गेलं की पातळ थर तयार होतो आणि घर्षण कितीतरी पटींनी उतरतं. म्हणजे वंगण! मी कारखान्यात तीस वर्षं वंगणाचंच काम केलं, मला त्या दगडासमोर भरून आलं. बायको म्हणाली, लग्नात एवढं आलं नव्हतं.

मोडीवाचक

यंत्रकार, त्याच दगडाची पुरवणी: मिंग काळातलं कोरीवकाम तासून काढून चियनलुंग सम्राटाने तो नव्याने कोरून घेतला. साल १७६१. पानिपताचं साल. आपल्याकडे घराघरात बांगडी फुटली त्या वर्षी तिथे ढगांना नवी वळणं देत होते.

भटकभवानी

मी विरुद्ध मत मांडते, मारू नका. मला कंटाळवाणा वाटला. दालनं रिकामी, आत जाता येत नाही, काचेतून डोकवायचं. चांगल्या वस्तू तर १९४८-४९ ला तैवानला गेल्या. तैपेईच्या संग्रहालयात मी दोन दिवस काढले, तिथे जास्त मिळालं. बीजिंगमध्ये मिळाली गर्दी आणि राणीचे कपडे भाड्याने घालून फोटो काढणाऱ्या मुली.

शांघायकर

तैपेई सुंदरच आहे, वाद नाही. पण 'चांगल्या वस्तू गेल्या' हे अर्धंच खरं. जपानी येतील या भीतीने १९३३ मध्ये तेरा हजारांहून जास्त पेट्या बीजिंगमधून हलवल्या. शांघाय, नानजिंग, मग आतल्या डोंगरांतल्या गावांत वर्षानुवर्षं फिरल्या. त्यातल्या तीनेक हजार तैवानला गेल्या. बीजिंगच्या संग्रहात आज १८ लाखांहून जास्त वस्तू आहेत. प्रश्न हा की त्या मधल्या रेषेवर नसतात. चित्रं, चिनी माती, कांस्य यांची प्रदर्शनं बाजूच्या दालनांत असतात आणि बदलत असतात. दारातच फलकावर काय चालू आहे ते बघून घ्यायचं.

फोटोवाल्या मुलींचं म्हणाल तर आहेत खऱ्या. पण वाईच्या घाटावर प्री-वेडिंगवाले असतातच की.

भटकभवानी

वाईचं पटलं :) बाजूची दालनं बघितलीच नव्हती हेही कबूल. आमच्याही हातात झेंडाच होता.

कडक_चहा

मला राजकारण आवडतं. आत भाऊबंदकीची काही जागा आहे का बघण्यासारखी?

मोडीवाचक

आहे ना! छ्येनछिंग दालनात सिंहासनाच्या वर चार अक्षरांची पाटी आहे, 'सरळ, उदार, निर्मळ' अशा आशयाची. खांगशी सम्राटाच्या पोरांनी गादीसाठी आपसात इतका धुमाकूळ घातला की त्यांच्यातून जो सम्राट झाला त्या युंगचंगने वारस आधी जाहीर करणंच बंद केलं. नाव लिहायचं, पेटीत घालायचं आणि ती पेटी या पाटीच्या मागे ठेवायची. सम्राट गेल्यावरच उघडायची. सगळा कट-कारस्थानाचा बाजार ज्या पाटीमागे, त्या पाटीवर 'निर्मळ' लिहिलेलं. नारायणरावांच्या वेळी अशी पेटी असती तर काय झालं असतं, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

पेंगुळलेला

तो धागा काढूच नका. चारशे प्रतिसाद आणि तीन आयडी उडतील.

सोलापुरी_चादर

बीजिंगपर्यंत जाणाऱ्या सोलापूरकरांनी, खरं तर सगळ्यांनीच, एक दिवस शीजियाझुआंगला काढावा. वेगवान रेल्वेने तासा-दीड तासावर. तिथल्या शहीद स्मारकात आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच गेले, वय फक्त ३२. मी गेलो तेव्हा शाळेची पोरं रांगेत फुलं ठेवत होती. 'इंदू' म्हटल्यावर, म्हणजे भारतातला, एका शिक्षिकेने मला पुढे उभं केलं. काय बोलावं सुचेना, नमस्कार केला. राजवाड्यात मला कोणी ओळखलं नाही, इथे ओळखलं.

रानजाई

फसवणुकीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. उत्तर दारातून बाहेर पडल्यावर सायकलरिक्षावाले मागे लागतात. आम्हाला 'तीन' सांगितलं आणि उतरल्यावर तीनशे मागितले. दुसरं, वांगफुजिंगच्या रस्त्यावर गोड बोलणारे 'विद्यार्थी' भेटतात, इंग्रजीचा सराव करायचाय म्हणतात आणि चहाच्या दुकानात नेतात. बिल बघून चहा कडू होतो. बाकी लोक फार चांगले. माझी छत्री मेट्रोत राहिली तर एक मुलगा दोन जिने धावत आला.

गोदाकाठ

रानजाई, बरं झालं लिहिलंस. रिक्षात बसूच नका, समोरचा रस्ता ओलांडला की चिंगशान बाग आहे. तिकीट दोन युआन. राजवाड्याचा खंदक खोदला तेव्हाची माती टाकून ती टेकडी केलीय. वरून सगळा राजवाडा एका नजरेत दिसतो, पिवळी छपरं एकामागे एक. आई वर चढली नाही, खाली बाकावर बसली आणि मी गेले. खाली एका झाडाशी फलक आहे, मिंगांचा शेवटचा सम्राट छुंगचन याने १६४४ ला तिथे गळफास घेतला. म्हणजे वर उभं राहून जे दिसतं ते सगळं त्याचं होतं आणि खाली यायच्या वाटेवर तो फलक.

मी उतरले तेव्हा आई एका चिनी आजीशी बोलत होती. आई मराठीत, आजी चिनीत. दोघी एकमेकींचे गुडघे दाखवत होत्या.

तिखट_गोड

(दीड महिन्याने) बीजिंगहून लिहितेय! सगळ्यांचे आभार. तिकिटं ५:३० ला मोबाईल, लॅपटॉप आणि नवऱ्याचा मोबाईल अशा तीन आघाड्यांवर लढून मिळवली. आत शिरताच उजवीकडे वळलो. धाकट्याला अकरा मांजरं दिसली, त्याने वहीत नोंद केलीय. ताईहेच्या छपराच्या कोपऱ्यावर ओळीने बसलेले प्राणी मोजले, दहा निघाले. इतर छपरांवर इतके नसतात म्हणे. शेवटचा पंख असलेला, माकडासारखा. मोठा ओरडला, "आई, मारुती!" चार चिनी लोकांनी वळून बघितलं.

आणि लाकडाचा तुकडा सापडला!! आधी आम्ही उजवीकडून मोजत होतो. शेवटी रखवालदाराने आमची धडपड बघून स्वतःहून बोट दाखवलं. फोटो हॉटेलवर जाऊन टाकते.

गोदाकाठ

वा! आईला वाचून दाखवलं. मांजरं आणि मारुती ऐकून खूप हसली. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे, त्यामुळे घरीच आहे सध्या. ती विचारतेय, पोरांनी उंबऱ्यावर पाय नाही ना दिला?

तिखट_गोड

काकूंना सांग, मोठ्याने नाही. धाकट्याने प्रत्येक उंबऱ्यावर.